हिरव्या नावाच्या फंडात नेमकं काय असतं?

निळीशाई

गेली चार वर्षं माझे थोडे पैसे एका फंडात आहेत. त्याच्या नावातच 'शाश्वत' हा शब्द आहे आणि मी तो त्या शब्दासाठीच घेतला होता. परतावा दुसऱ्या क्रमांकावर ठेवला होता. माझी अपेक्षा साधी होती: आपले पैसे ज्या धंद्यात राबतात त्या धंद्याने कुणाची नदी काळी करू नये, कुणाच्या छातीत धूर भरू नये.

परवा रात्री पहिल्यांदा त्या फंडाची पूर्ण यादी उघडली. मासिक पत्रकात वरच्या दहाच कंपन्या देतात. त्यात सॉफ्टवेअर, बँका, औषधं असायची, म्हणून मी निर्धास्त होते. पूर्ण यादी त्यांच्या संकेतस्थळाच्या अगदी तळाशी एका एक्सेल फाइलमध्ये सापडली. २३ व्या ओळीत तेल आणि वायूची कंपनी. ४१ व्या ओळीत सिमेंट. ५८ व्या ओळीत अशी एक रसायन कंपनी, जिच्या सांडपाण्याच्या बातम्यांची कात्रणं माझ्याकडे आहेत.

फंडाला ईमेल केला. तीन दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: "आम्ही प्रत्येक क्षेत्रातील सर्वोत्तम कंपन्या निवडतो."

राग आलाय, पण त्याहून जास्त वाईट वाटतंय. याला फसवणूक म्हणायची, की मीच नीट वाचलं नव्हतं? आणि जबाबदार गुंतवणूक नावाची गोष्ट खरंच कुठे आहे का, की सगळे पैसे काढून साध्या इंडेक्स फंडात टाकावेत? जाणकारांनी लिहावं. असाच अनुभव आलेल्यांनी तर नक्कीच लिहावं.

वाटेवरचा_दगड

अगदी हाच अनुभव. माझ्या फंडाच्या पत्रकावर पवनचक्क्यांचा मोठा फोटो आहे, यादीत पवनऊर्जेची एकही कंपनी नाही. वाचतोय.

ताळेबंद

निळीशाई, राग रास्त आहे. मी बरीच वर्षं अशा याद्या तयार होतात त्या खोलीत काढली आहेत, म्हणून लिहितो.

'क्षेत्रातील सर्वोत्तम' याचा अर्थ असा की कुठलंच क्षेत्र वगळायचं नाही. तेलाच्या दहा कंपन्या असतील तर त्यातल्या वरच्या तीन-चार घ्यायच्या. वरच्या कोणत्या हे ठरतं ईएसजी रेटिंगवरून, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार या तिन्हींच्या गुणांवरून. बहुतेकांची गफलत इथेच होते. ही कंपनी जगाचं किती नुकसान करते, हे बाजारातली बरीचशी रेटिंग मोजतच नाहीत. हवामानामुळे, कायद्यांमुळे, संपांमुळे कंपनीच्या नफ्याला किती धोका आहे, हे ती मोजतात. नदीकाठच्या कारखान्याला प्रश्न विचारतात तो 'पाणी आटलं तर तुझं काय होईल?' असा. 'तुझ्यामुळे पाण्याचं काय झालं?' हा प्रश्न येतो, पण दंड बसायची शक्यता असेल तेवढ्यापुरता.

मे २०२२ मध्ये एस अँड पी ५०० ईएसजी या अमेरिकी शेअर निर्देशांकातून विजेच्या गाड्या बनवणारी टेस्ला बाहेर गेली आणि तेलकंपनी एक्झॉनमोबिल आत राहिली. लोकांना धक्का बसला. पण टेस्लाचे गुण गेले होते कारखान्यातल्या वंशभेदाच्या तक्रारींमुळे आणि ऑटोपायलट या गाडी आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेच्या अपघातांची चौकशी नीट न हाताळल्यामुळे. एक्झॉनची तुलना इतर तेलकंपन्यांशी होत होती. तीन वेगळ्या विषयांचे गुण एकत्र करून एकच आकडा काढला की असं होणारच.

शिवाय रेटिंग देणाऱ्यांचं आपसातही पटत नाही. एमआयटी आणि झ्युरिकच्या संशोधकांनी सहा संस्थांची रेटिंग ताडून पाहिली, तर सहसंबंध सरासरी ०.५४ निघाला (१ म्हणजे पूर्ण एकमत). कर्ज फेडण्याच्या क्षमतेबद्दल रेटिंग संस्थांमध्ये तो ०.९ च्या वर असतो. म्हणजे कंपनी कर्ज फेडेल का यावर सगळ्यांचं जवळपास एकमत, आणि कंपनी चांगली आहे का यावर प्रत्येकाचं मत वेगळं.

तेव्हा फसवणूक झाली का? कायद्याच्या भाषेत बहुधा नाही. पण नाव वाचून तुम्ही जे समजलात ते कुणीही समजलं असतं, आणि ते नाव ठेवणाऱ्यांनाही हे ठाऊक होतं.

कोरडवाहू

ताळेबंद यांनी सौम्य लिहिलंय. मी स्पष्ट लिहितो: हे सगळं थोतांड आहे.

सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनची डिझेल गाड्यांच्या धूर-चाचणीतली लबाडी उघड झाली. त्याच महिन्यात, काही दिवस आधी, डाऊ जोन्सच्या शाश्वतता निर्देशांकाने त्यांना वाहन उद्योगात अव्वल ठरवलं होतं. मग ऑक्टोबरमध्ये यादीतून काढलं. बीपी या ब्रिटिश तेलकंपनीने २००० साली हिरवं-पिवळं सूर्यासारखं बोधचिन्ह घेतलं आणि 'पेट्रोलियमच्या पलीकडे' अशी हाक दिली. २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात त्यांच्या विहिरीवर डीपवॉटर होरायझन या खोदकाम करणाऱ्या तरंगत्या मंचाचा स्फोट झाला. ११ माणसं गेली, तेल तीन महिने समुद्रात वाहत राहिलं.

निळीशाई, पैसे काढा. जगाचं भलं करायचं तर ते कायद्याने आणि करांनी होतं, फंडाच्या नावाने होत नाही.

मोजपट्टी

कोरडवाहू, फोक्सवॅगनचं नाव काढलंत म्हणून थांबून लिहितोय. मी वाहनांच्या उत्सर्जन चाचणीच्या क्षेत्रात काम करतो आणि आमच्याकडे ही गोष्ट नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगतात.

चाचणी कशी होते बघा. प्रयोगशाळेत गाडीची चाकं मोठ्या रोलरवर ठेवतात. गाडी जागच्या जागी धावते, धुराच्या नळीला पाइप जोडलेला असतो, ठरलेल्या सेकंदाला ठरलेला वेग. स्टिअरिंग मात्र हलत नाही, कारण वळायचंच नसतं. फोक्सवॅगनच्या सॉफ्टवेअरने नेमकं हेच हेरलं होतं. चाकं फिरताहेत, स्टिअरिंग स्थिर आहे, वेग ठरलेल्या नमुन्याप्रमाणे बदलतोय, म्हणजे ही चाचणी आहे. लगेच धूर साफ करणारी यंत्रणा पूर्ण ताकदीने सुरू. रस्त्यावर आलं की ढिली.

हे पकडलं कुणी? कुठल्याही रेटिंग संस्थेने नाही. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका छोट्या गटाने, आयसीसीटी या स्वच्छ वाहतुकीवर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या पैशावर. त्यांनी मोजणारं यंत्रच गाडीच्या डिकीत बसवलं आणि गाडी रस्त्यावर काढली, एक तर थेट लॉस एंजेलिसहून सिएटलपर्यंत. खरं तर त्यांना डिझेल गाड्या स्वच्छ असू शकतात हेच दाखवायचं होतं. आकडे बघून त्यांना आधी वाटलं, आपलंच यंत्र बिघडलंय. एका गाडीचे नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या १५ ते ३५ पट येत होते. त्याच चाचणीतली दुसऱ्या कंपनीची गाडी बहुतेक रस्त्यांवर मर्यादेत होती, म्हणजे यंत्र ठीक होतं. पुढे जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांमध्ये ते सॉफ्टवेअर निघालं.

म्हणून मला 'सगळं थोतांड' पटत नाही. डिकीत यंत्र ठेवून रस्त्यावर जायची कुणाची तरी तयारी असेल तर खोटं पकडता येतं. गुंतवणुकीत ते यंत्र कोणतं, ते या धाग्यावर कुणीतरी सांगावं.

अर्धविराम

मोजपट्टी, जबरदस्त प्रतिसाद! म्हणजे शिक्षकांच्या चपलांचा आवाज आला की पुस्तक उघडणारं पोर, फक्त इथे एक कोटी पोरं एकदम :)

दुपारचे_ऊन

मी कंपन्यांचे शाश्वतता अहवाल लिहायचं काम सहा वर्षं केलं. कुणाचं नाव घेणार नाही. पण आत काय चालतं ते सांगते, कारण मला त्याचा त्रास झाला आणि शेवटी मी ते काम सोडलं.

आकडे खोटे नसायचे. खोटा आकडा लिहायला मला कुणीही कधी सांगितलं नाही. सगळी कला असायची ती कोणता आकडा पुढे ठेवायचा यात. समजा कंपनी गेल्या वर्षी १०० टन माल करायची आणि २०० टन कार्बन सोडायची. यंदा माल १५० टन, कार्बन २७०. अहवालाच्या पहिल्या पानावर जातं 'प्रतिटन उत्सर्जनात १० टक्के घट'. २ वरून १.८, गणित बिनचूक. हवेत मात्र ७० टन जास्त गेले. ते परिशिष्टात, बारीक अक्षरात, आणि तुलनेसाठी शेजारी मागच्या वर्षाचा रकाना न देता.

दुसरी युक्ती पायाभूत वर्षाची. घट कोणत्या वर्षापासून मोजायची हे कंपनीच ठरवते. सगळ्यात जास्त धूर सोडलेलं वर्ष निवडलं की पुढची सगळी वर्षं चांगलीच दिसतात.

आणि तिसरी, सगळ्यात मोठी: उत्सर्जनाचे तीन टप्पे असतात. पहिला कंपनीच्या स्वतःच्या धुराड्यांचा, दुसरा विकत घेतलेल्या विजेचा, तिसरा पुरवठादारांपासून गिऱ्हाइकाने माल वापरेपर्यंतचा. तेलकंपनीचा बहुतांश कार्बन या तिसऱ्या टप्प्यात असतो, कारण तेल जळतं गिऱ्हाइकाच्या गाडीत. 'आमचं कामकाज २०५० पर्यंत नेट झिरो' (म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढाच हवेतून काढून घेऊ) असं वाक्य वाचलंत तर 'कामकाज' या शब्दावर बोट ठेवा. त्यात बहुधा तिसरा टप्पा नसतो. हे वाक्य मी स्वतः लिहिलेलं आहे. एका बैठकीत मी 'कामकाज' काढून 'कंपनी' लिहिलं होतं, तर मसुदा लाल शाईने परत आला. फक्त तेवढा एक शब्द बदलून.

मोजपट्टी, तुमच्या यंत्राच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे परिशिष्ट. अहवाल मागून वाचायला सुरुवात करा.

वाटेवरचा_दगड

दुपारचे_ऊन ताई, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून यायला हवा. वाचनखूण साठवली.

पानगळ

अवांतर: ग्रीनवॉशिंगला, म्हणजे पर्यावरणप्रेमाचा खोटा आव आणण्याला, मराठीत काय म्हणायचं? 'हरितधुलाई' वाचलंय, पण त्यात काहीतरी धुतलं जातंय असं वाटतं. इथे तर काहीच स्वच्छ होत नाही.

अर्धविराम

हिरवी रंगसफेदी?

पानगळ

सफेदी आणि हिरवी? रंगाऱ्याचा गोंधळ होईल.

पिंपळपान

'हिरवा मुलामा' म्हणावं. मुलामा म्हणजे वरून सोन्याचा पातळ थर, आत पितळ. अर्थ नेमका बसतो, आणि खरवडून बघायला हवं हेही त्यात आपोआप येतं.

मूळ शब्दाची कथाही लहानशी आणि छान आहे. वेस्टरवेल्ड नावाच्या पर्यावरणवाद्याने १९८६ च्या एका निबंधात तो वापरला. त्याला आठवत होती हॉटेलातली चिठ्ठी: समुद्र आणि पोवळी वाचवायला टॉवेल पुन्हा वापरा. टॉवेल धुण्याचा खर्च वाचणार हॉटेलचा, आणि दुसरीकडे तेच हॉटेल नवीन बांधकाम करत सुटलेलं.

जबाबदार गुंतवणूक मात्र या शब्दापेक्षा पुष्कळ जुनी आहे. १७५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या सभेने आपल्या सदस्यांना गुलामांच्या खरेदी-विक्रीत पडायला मनाई केली. १९७१ मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या काळात पॅक्स वर्ल्ड फंड निघाला, कारण काही लोकांना शस्त्रास्त्रांच्या कंपन्यांत पैसे नको होते. नंतर दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध विद्यापीठांनी आणि पेन्शन फंडांनी तिथे धंदा करणाऱ्या कंपन्यांचे शेअर विकले. या लोकांना कुणी रेटिंग दिलं नव्हतं. 'हे नको' एवढं त्यांना स्पष्ट माहीत होतं.

निळीशाई, तुमची अपेक्षा या जुन्या घराण्यातली आहे. तुम्हाला विकलं गेलं ते दुसरंच, २००४ नंतरचं. त्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने निघालेल्या एका अहवालात ईएसजी ही तीन अक्षरं एकत्र आली आणि २००६ मध्ये जबाबदार गुंतवणुकीची तत्त्वं जाहीर झाली. सुरुवातीला त्यावर सह्या करणारे शंभरसुद्धा नव्हते, आता ५००० च्या वर आहेत. त्यातला मुख्य युक्तिवाद असा की पर्यावरणाकडे लक्ष दिलं तर परतावाही सुधारतो. हा युक्तिवाद आला तसा पैसा आला, आणि पैशामागून मुलामा.

ताळेबंद

पिंपळपान, सुंदर. त्यात एक आकडा जोडतो. जागतिक शाश्वत गुंतवणूक आघाडीच्या मोजणीत २०२० ला अशी गुंतवणूक ३५.३ लाख कोटी डॉलर होती. २०२२ ला ती ३०.३ लाख कोटी झाली. पाच लाख कोटी डॉलर कुठे गेले? मुख्यतः कुठेच नाही. अमेरिकेतली मोजायची पद्धत कडक केली. केवळ 'आम्ही ईएसजी विचारात घेतो' असं म्हणणारे वगळले. वाढीचा केवढा भाग नुसता शब्दांचा होता, हे त्यावरून कळतं.

कोरडवाहू

म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध झालं ना?

आणि एक मूलभूत मुद्दा कुणीच मांडला नाही. बाजारात शेअर घेता तेव्हा पैसे कंपनीला जात नाहीत, शेअर विकणाऱ्याला जातात. तुम्ही तेलकंपनीचा शेअर विकलात तर कुणीतरी तो घेतलाच. कंपनीच्या तिजोरीतला एक पैसाही हलला नाही. ब्लॅकरॉक या अवाढव्य फंड कंपनीत शाश्वत गुंतवणुकीचा प्रमुख राहिलेल्या तारिक फॅन्सी यांनी बाहेर पडल्यावर २०२१ मध्ये जाहीरपणे हेच मांडलं: लोकांना वाटतं आपण काहीतरी केलं, आणि सरकारवरचा दबाव कमी होतो. हे नुसतं निरुपयोगी नाही, हानिकारक आहे.

सावलीतला

कोरडवाहू, खरेदी-विक्रीबद्दल तुमचं बरोबर आहे, पण शेअर म्हणजे नुसती किंमत नाही, मतही आहे.

२६ मे २०२१ ची एक्झॉनमोबिलची वार्षिक सभा आठवा. इंजिन नंबर वन नावाचा नवखा फंड, हातात फक्त ०.०२ टक्के शेअर. त्यांनी संचालक मंडळासाठी स्वतःचे चार उमेदवार उभे केले आणि तीन निवडून आणले. एवढ्याशा शेअरवर ते झालं नाही. मोठे पेन्शन फंड आणि मोठ्या फंड कंपन्या त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या म्हणून झालं. त्या फंड कंपन्यांकडे कुणाचे पैसे होते? निळीशाईंसारख्या लोकांचेच.

दुसरं, रोखे, म्हणजे कर्ज उभारायचे कागद. कंपनी किंवा सरकार नवा रोखा काढतं तेव्हा पैसा थेट त्यांच्या हातात जातो. युरोपीय गुंतवणूक बँकेने २००७ मध्ये हवामानासाठीचा पहिला रोखा काढला, जागतिक बँकेने पुढच्या वर्षी हरित रोखा. तिथे 'हा पैसा कशावर खर्च केलात?' असं विचारता येतं आणि हिशेब मागता येतो.

कोरडवाहू

सावलीतला, त्या तीन संचालकांनंतर काय झालं तेही लिहा. ऑक्टोबर २०२३ मध्ये एक्झॉनने पायोनियर ही तेलकंपनी सुमारे ६० अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं. जानेवारी २०२४ मध्ये हवामानाचा ठराव मांडणाऱ्या भागधारकांनाच कोर्टात खेचलं. बँकांची नेट झिरो आघाडी २०२१ मध्ये वाजतगाजत निघाली, अमेरिकेत वारं फिरलं तशा मोठ्या बँका २०२४ अखेरीस बाहेर पडायला लागल्या, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये आघाडीने दुकान बंद केलं. मत, सह्या, आघाड्या, सगळं वारा असेल तिकडे.

मला यात आनंद नाही. मी १५ वर्षांपूर्वी निळीशाईंच्याच जागी होतो.

सावलीतला

हे शेवटचं वाक्य तुम्ही आधी लिहायला हवं होतं. तुमचा राग आता वेगळा वाचला जातोय. मुद्दाही मान्य: ती लढाई जिंकल्यासारखी वाटली, आणि जिंकली गेली नाही.

रेघोटी

मी वकील आहे, म्हणून कायद्याच्या बाजूने थोडं. कोरडवाहू म्हणतात कायद्याने होतं, तर कायदा आता कुठवर आलाय ते बघा.

जर्मनीत डॉइश बँकेची डीडब्ल्यूएस ही फंड कंपनी. तिच्या शाश्वतता विभागाच्या प्रमुख डेझिरे फिक्सलर यांनी कंपनीचे ईएसजीचे दावे फुगवलेले आहेत असं आत सांगितलं. त्यांना नोकरीवरून काढलं गेलं. २०२१ मध्ये प्रकरण बाहेर आलं. ३१ मे २०२२ ला पोलिसांनी फ्रँकफर्टच्या कार्यालयांवर छापे घातले, दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्याने पायउतार होत असल्याचं जाहीर केलं. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या नियामकाने १.९ कोटी डॉलर दंड केला, एप्रिल २०२५ मध्ये फ्रँकफर्टच्या सरकारी वकिलांनी २.५ कोटी युरो. ऑस्ट्रेलियात व्हॅनगार्ड या अमेरिकी फंड कंपनीच्या शाखेला २०२४ मध्ये १.२९ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला. कारण? 'आम्ही वगळतो' असं म्हटलेल्या कंपन्यांचे रोखे फंडात होते. बहुतेक रोख्यांची छाननीच झाली नव्हती.

निळीशाई, हे शेवटचं प्रकरण तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळचं आहे. दंड झाला तो तेलकंपनी ठेवल्याबद्दल नव्हे, तर लिहून दिलेलं न पाळल्याबद्दल. म्हणून तुमच्या फंडाने काय लिहून दिलंय, ते कागदावर शोधा. युरोपात आता फंडाच्या नावात असा शब्द घालायचा तर किमान ८० टक्के गुंतवणूक त्या उद्दिष्टाला धरून असावी लागते, आणि 'शाश्वत' हा शब्द असेल तर खनिज इंधनातून ठरलेल्या मर्यादेहून जास्त उत्पन्न मिळवणाऱ्या कंपन्या वगळाव्या लागतात. जुन्या फंडांना हा नियम मे २०२५ पासून लागू झाला. त्याआधी कित्येक फंडांनी गुपचूप नाव बदललं. यादी बदलण्यापेक्षा पाटी बदलणं सोपं.

अर्धविराम

रेघोटी, पाटीवरून आठवलं. विमान कंपन्या तिकिटासोबत 'थोडे पैसे भरा आणि तुमच्या प्रवासाचा कार्बन फेडा' म्हणतात, त्याचं काय? मी दोनदा भरलेत. त्या पैशातून लावलेल्या झाडाखाली बसायची इच्छा आहे.

मोजपट्टी

अर्धविराम, ते झाड शोधणं अवघड आहे. बऱ्याचशा क्रेडिटमध्ये, म्हणजे कार्बन फेडल्याच्या विकत मिळणाऱ्या प्रमाणपत्रांत, झाड लावलेलंच नसतं. 'हे जंगल तुटणार होतं, आम्ही वाचवलं' असा दावा असतो. जंगल किती तुटलं असतं, हा अंदाज प्रकल्पवालेच करतात. अंदाज जितका भयंकर, तितकी क्रेडिट जास्त. २०२३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात २६ प्रकल्पांचा अभ्यास आला. शेजारच्या तशाच जंगलांशी तुलना केली, तर विकायला काढलेल्या क्रेडिटपैकी जेमतेम ६ टक्क्यांच्या मागे खरोखरची घट दिसली.

आणि मार्च २०२४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या कोर्टाने केएलएम या विमान कंपनीच्या 'जबाबदारीने उडा' मोहिमेतले दावे दिशाभूल करणारे ठरवले. त्यात झाडं लावून परिणाम कमी करण्याचा दावाही होता.

अर्धविराम

वाईट वाटलं. मनापासून भरले होते.

पानगळ

मलाही. खोटेपणाचं सगळ्यात मोठं नुकसान हेच वाटतं मला. ज्यांना मनापासून काही करायचं असतं त्यांचाच उत्साह आधी संपतो. ज्यांना पर्वा नाही त्यांचं काहीच बिघडत नाही.

दुपारचे_ऊन

पानगळ, +१. आणि याची दुसरी बाजू मला कामात दिसली. दंडांच्या बातम्या आल्यावर काही कंपन्यांनी मुलामा काढला, तर काहींनी बोलणंच बंद केलं. एका छोट्या कारखान्याने पाण्याचा पुनर्वापर खरोखर उत्तम केला होता. मी म्हटलं, लिहूया. मालक म्हणाले, "नको ताई. लिहिलं की लोक म्हणतील हेही तसलेच." ते पान तसंच कोरं गेलं.

निळीशाई

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी परत लिहितेय, कारण मधल्या काळात रेघोटी आणि दुपारचे_ऊन यांनी सांगितलं तसं सगळं मागून वाचायला घेतलं.

आधी माहितीपत्रक, १३२ पानं. 'वगळणे' हा शब्द शोधला. तीन ठिकाणी आला. वादग्रस्त शस्त्रं, तंबाखू, आणि 'ज्या कंपन्यांच्या महसुलाचा ३० टक्क्यांहून अधिक भाग कोळसा खाणींतून येतो' अशा कंपन्या. तेलाचा उल्लेखच नाही. म्हणजे त्यांनी लिहून दिलेलं मोडलेलं नाही. मी वाचलं नव्हतं, आणि नावाने मला वाचायची गरज वाटू दिली नव्हती. ताळेबंद काका, तुम्ही म्हणालात तेच.

मग सावलीतला यांच्या मुद्द्यावरून मतदानाची नोंद शोधली. अशी नोंद असते हेच मला माहीत नव्हतं. वेगळी फाइल, हजारो ओळी: कंपनी, सभेची तारीख, ठराव, बाजूने की विरुद्ध, आणि कारण. माझ्या २३ व्या ओळीतल्या तेलकंपनीचं नाव टाकून बघितलं. भागधारकांनी ठराव मांडला होता की तिसऱ्या टप्प्याचं उत्सर्जन जाहीर करा. नुसतं जाहीर करा, कमी करा असंही नाही. माझ्या फंडाने मत दिलं: विरुद्ध. कारणाच्या रकान्यात 'व्यवस्थापनाच्या शिफारशीनुसार'.

तेलकंपनी यादीत दिसली तेव्हा राग आला होता. हे वाचून हात थंड पडले. ते मत माझ्या पैशाच्या जोरावर दिलेलं होतं.

मोजपट्टी, तुम्ही विचारलं होतं ना डिकीतलं यंत्र कोणतं? माझ्यापुरतं ते ही फाइल आहे. पत्रकं, फोटो, रेटिंग सगळं सांगायचं काम करतं. इथे कृती आहे, तारखेसकट.

मग तीन फंडांच्या अशाच फाइली बघितल्या. एकाच्या नावात हिरवं काहीच नाही, साधं नाव आहे, पण अशा ठरावांवर बहुतेक ठिकाणी बाजूने मत आणि कारण दोन-तीन वाक्यांत लिहिलेलं. त्यांची वगळण्याची यादीही जास्त स्पष्ट, आणि शुल्क माझ्या आत्ताच्या फंडापेक्षा कमी. पैसे तिकडे हलवतेय. जुन्या फंडाला पत्र लिहिलं, ठराव आणि सभेची तारीख टाकून, की मी का जातेय. कोरडवाहू, पत्राने काही होणार नाही असं तुम्ही म्हणाल, पण मला ते लिहायचंच होतं.

कोरडवाहू

नाही म्हणणार. उलट पत्राचा मसुदा इथे टाका, फंडाचं नाव काढून. मीही पाठवतो.

माझं मत तेच आहे: कार्बनवर कर आणि कडक कायदा याशिवाय गाडी पुढे जात नाही. पण ते 'विरुद्ध' मत मीही कधी बघितलं नव्हतं. इतकी वर्षं शिव्या देत होतो, फाइल एकदाही उघडली नाही.

रेघोटी

निळीशाई, पत्राला उत्तर आलं तर तेही टाका. आणि नव्या फंडाच्या माहितीपत्रकाची आजची प्रत उतरवून ठेवा. उद्या त्यांनी वगळण्याची यादी गुपचूप ढिली केली तर ताडून बघायला तुमच्याकडे जुना कागद हवा.

निळीशाई

ठेवली. मसुदा रात्री टाकते.

वाटेवरचा_दगड

माझ्या पवनचक्कीवाल्या फंडाची मतदानाची फाइल उघडून बसलोय. रकाने खूप आहेत. बाजूने की विरुद्ध हे कुठे असतं?

निळीशाई

उजवीकडे सरकवत जा, शेवटून दुसरा रकाना. आधी ठरावाच्या रकान्यात 'भागधारकांनी मांडलेला' असा गाळक लावा, नाहीतर लेखापरीक्षकांच्या नेमणुकांमध्येच रात्र जाईल.

वाटेवरचा_दगड

लावला. १७ ठराव आहेत. वाचतोय एकेक.